उमेदा : प्रवासी घडवणारे स्थानक

१/
रेल्वे कुठे बांधतात? जिथे माणसे, माल आणि पैसा आधीपासून आहे, तिथे. बहुतेक देशांच्या इतिहासात हेच उत्तर सापडते. १९१० साली जपानमधील ओसाका शहरातून मात्र विजेवर चालणारी एक वेगळीच रेल्वे सुरू झाली. तिच्या एका टोकाला गरम पाण्याच्या झऱ्यांचे लहानसे गाव होते, फाट्याच्या टोकाला एक धबधबा होता आणि मधल्या वाटेवर शेते पसरली होती. रोज ये-जा करील असा प्रवासी या मार्गाला जवळजवळ नव्हताच. तेव्हा कंपनीने प्रवासी घडवायचे ठरवले.

२/
आजचा धागा या रेल्वेच्या शहरातल्या टोकाविषयी, म्हणजे उमेदा स्थानकाविषयी आहे. आज त्याचे अधिकृत नाव ओसाका-उमेदा. हांक्यू या खासगी कंपनीचे हे मुख्य स्थानक. ९ रूळ, १० फलाट, आणि कोबे, ताकाराझुका व क्योतो या तीन दिशांना जाणारे तीन मार्ग. घर हप्त्याने घेणे, रेल्वेने कचेरीत जाणे, स्थानकावरच्या दुकानातून खरेदी करून परतणे आणि रविवारी त्याच रेल्वेने सहलीला जाणे, हा शहरी मध्यमवर्गाचा दिनक्रम या स्थानकाभोवती कसा आकाराला आला ते पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

३/
आधी जागेविषयी. उमेदा हा मुळात शहराबाहेरचा सखल, दलदलीचा भाग. भर घालून केलेली शेतजमीन, असा त्याच्या नावाचा मूळ अर्थ सांगितला जातो. पुढे उच्चार तोच ठेवून ‘भर घातलेले’ या चिन्हाच्या जागी ‘उमे’ वृक्षाचे, म्हणजे जपानी आलुबुखाराचे, सुंदर चिन्ह आले. जवळच शहराची एक मोठी दफनभूमी होती. १७०३ साली चिकामात्सु यांनी ‘सोनेझाकी शिन्जू’ हे प्रसिद्ध बाहुलीनाट्य लिहिले. त्यातील प्रेमी युगुल जिथे अखेरचा श्वास घेते ती सोनेझाकीची राई इथून हाकेच्या अंतरावर होती. थोडक्यात, ही शहराची कड होती.

४/
१८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे तोक्योतील शिम्बाशी ते योकोहामा या मार्गावर धावली. १८७४ मध्ये ओसाका ते कोबे ही सरकारी रेल्वे सुरू झाली आणि तिचे ओसाका स्थानक उमेदाच्या शेतात उभे राहिले. दाट वस्तीच्या व्यापारी पेठांपासून ते दूर होते. ‘स्टेशन’ या शब्दाचा अपभ्रंश करून लोक त्याला ‘उमेदाचे सुतेन्शो’ म्हणत. म्हणजे उमेदाला रेल्वे आली ती शहराने तिला कडेला ठेवले म्हणून. तीच कड पुढे शहराचे नवे केंद्र ठरली.

५/
आता १९०६ सालाकडे येऊ. रशियाशी झालेले युद्ध नुकतेच संपले होते. सैन्य आणि माल देशभर अखंडपणे नेता यावा, यासाठी सरकारने रेल्वे राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. १९०६-०७ मध्ये १७ खासगी रेल्वे कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. खासगी भांडवलाला लांब पल्ल्याचा दरवाजा बंद झाला. त्याच्यासाठी उरली ती स्थानिक वाहतूक आणि शहरांतील ट्राम.

६/
पण ट्रामचा कायदा वेगळा होता आणि त्यात फट होती. रस्त्यावरून धावणारी ट्राम म्हणून परवाना घ्यायचा आणि प्रत्यक्षात बराचसा मार्ग स्वतःच्या जमिनीवरून वेगाने न्यायचा, ही युक्ती हानशिन कंपनीने १९०५ साली ओसाका-कोबे मार्गावर यशस्वी करून दाखवली होती. आपल्या कथेतली कंपनीही याच वाटेने गेली. ट्रामच्या परवान्यामुळे तिला रुंद रूळ वापरता आले. सरकारी रुळांतील अंतर १०६७ मिलिमीटर होते, तर या कंपन्यांचे १४३५.

७/
हा तांत्रिक तपशील लक्षात ठेवावा, कारण त्याचा परिणाम दूरगामी झाला. रूळच वेगळे असल्याने खासगी कंपनीची गाडी सरकारी मार्गावर जाऊ शकत नव्हती. प्रत्येक प्रवाशाला उमेदाला उतरावेच लागे आणि पुढे पायी, ट्रामने किंवा सरकारी गाडीने जावे लागे. रोज हजारो माणसे एकाच जागी उतरतात, चालतात आणि काही क्षण थांबतात. या थांबण्याचे मोल पुढे एका माणसाने ओळखले.

८/
त्या माणसाचे नाव कोबायाशी इचिझो. जन्म ३ जानेवारी १८७३, यामानाशी प्रांतातील निरासाकी गावी. ‘इचिझो’ हे नाव ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘एक’ आणि ‘तीन’ असा आहे. पहिल्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी जन्म, म्हणून हे नाव. आई लहानपणीच वारली आणि वडील दुरावले. तोक्योच्या केइओ विद्यालयात शिकताना त्यांना साहित्यिक व्हायचे होते. प्रत्यक्षात १८९३ मध्ये ते मित्सुई बँकेत लागले आणि सुमारे १४ वर्षे नोकरी करत राहिले.

९/
१९०७ च्या आरंभी बँक सोडून ते ओसाकाला आले, कारण तिथे सुरू होणाऱ्या एका रोखे कंपनीचे प्रमुखपद त्यांना मिळणार होते. त्याच सुमारास युद्धोत्तर तेजीचा फुगा फुटला आणि शेअर बाजार कोसळला. नियोजित कंपनी जन्मालाच आली नाही. पदरी कुटुंब आणि हाती काम नाही, अशा अवस्थेत ते एका रेल्वे प्रकल्पाकडे वळले. मिनोओ-अरिमा विद्युत ट्राम कंपनी, असे त्या प्रकल्पाचे नाव. मंदीमुळे तिचे शेअर घ्यायला लोक तयार नव्हते आणि सुरू होण्यापूर्वीच ती गुंडाळण्याची भाषा चालू होती.

१०/
कंपनीच्या नावातच तिची अडचण दिसते. मिनोओ म्हणजे धबधबा आणि शरदातील लाल मेपलच्या पानांसाठी प्रसिद्ध असलेली दरी. अरिमा म्हणजे डोंगरापलीकडचे प्राचीन उष्ण झऱ्यांचे गाव. दोन्ही सहलीची ठिकाणे. सहलीला माणूस वर्षातून एकदोनदा जातो, त्यावर रेल्वे कशी चालणार? शिवाय अरिमापर्यंत डोंगरातून रूळ नेणे खर्चिक होते. ते तिथे कधीच पोहोचले नाहीत. मार्ग ताकाराझुकालाच थांबला.

११/
कोबायाशींनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, नियोजित मार्गावरून ते स्वतः चालत गेले आणि वाटेतली मोकळी, स्वस्त जमीन पाहून त्यांना कल्पना सुचली. रेल्वे येताच जमिनीची किंमत वाढते, हे सर्वांनाच ठाऊक होते. प्रश्न असा की ही वाढ कोणाच्या पदरात पडते? एरवी ती जमीनमालकाला मिळते आणि रूळ टाकणाऱ्याच्या हाती फक्त तिकिटाचे पैसे येतात. रूळ पडण्यापूर्वीच कंपनीने जमीन घेतली, तर वाढही तिचीच. आणि त्या जमिनीवर घर बांधून विकले, तर त्या घरात राहणारा माणूस तिचा रोजचा प्रवासी.

१२/
इथे ओसाकाची तत्कालीन अवस्था समजून घ्यायला हवी. इडो काळात ‘देशाचे स्वयंपाकघर’ म्हणून ओळखले जाणारे हे तांदूळ व्यापाराचे, कालव्यांचे शहर आता सूतगिरण्यांमुळे ‘पूर्वेचे मँचेस्टर’ झाले होते. त्याचे दुसरे नाव होते ‘धुराचे शहर’. त्या काळी ते अभिमानानेही घेतले जाई, कारण धूर म्हणजे भरभराट. पण त्याच धुरात मुले आजारी पडत होती आणि क्षयरोग पसरत होता. बँका, विमा कंपन्या आणि व्यापारी पेढ्यांत महिन्याचा पगार घेणारा एक नवा वर्गही याच काळात तयार होत होता.

१३/
कंपनीने पुस्तिका छापल्या. १९०८ मधील पहिलीत ही रेल्वे गुंतवणुकीला कशी योग्य आहे, हे प्रश्नोत्तरांच्या रूपाने मांडले होते. दुसरीचा विषय होता, कोणती जमीन निवडावी आणि कशा घरात राहावे. धुराखाली जगणाऱ्या नागरिकांना स्वच्छ हवा, बाग आणि मोकळे आकाश यांचे आवाहन त्यात केले होते. साहित्यिक होऊ न शकलेल्या बँक कारकुनाची लेखणी अखेर जाहिरातीत कामी आली. रेल्वे कंपनी प्रवासाऐवजी जगण्याची एक पद्धत विकू लागली.

१४/
१० मार्च १९१० रोजी उमेदा ते ताकाराझुका हा सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग आणि मिनोओचा फाटा सुरू झाला. त्याच वर्षी इकेदा गावाजवळ मुरोमाची ही वसाहत विक्रीला निघाली. सुमारे २०० भूखंड, प्रत्येकी साधारण १०० त्सुबो, म्हणजे ३३० चौरस मीटर. घर आणि बाग तयार, विजेची सोय असलेले. थोडी रक्कम आधी भरायची आणि उरलेली दहा वर्षांत मासिक हप्त्यांनी फेडायची. बँकेत घडलेल्या माणसाला पगारदाराची ताकद आणि मर्यादा दोन्ही ठाऊक होत्या. एकरकमी पैसा त्याच्याकडे नसतो, पण महिन्याचा पगार ठरलेला असतो.

१५/
आता दुसरी अडचण पाहा. नोकरदार सकाळी उमेदाकडे जातो आणि संध्याकाळी परततो. मग सकाळी उलट दिशेने जाणाऱ्या गाड्या रिकाम्या, आणि सुटीच्या दिवशी तर सगळ्याच रिकाम्या. म्हणून मार्गाच्या दुसऱ्या टोकाला आकर्षणे हवीत. १९१० मध्येच मिनोओला प्राणिसंग्रहालय उघडले. ते चालले नाही आणि १९१६ मध्ये बंद पडले. १९११ मध्ये ताकाराझुकाला नवे स्नानगृह झाले, पुढच्या वर्षी त्याला जोडून जलतरण तलाव असलेली आधुनिक इमारत उभी राहिली.

१६/
हा बंदिस्त तलावही फसला. पाणी इतके थंड राही की पोहणारे फार वेळ टिकत नसत, शिवाय स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहण्यास मनाई होती. मग रिकाम्या तलावावर फळ्या टाकून प्रेक्षागृह करण्यात आले. मित्सुकोशी दुकानाने जाहिरातीसाठी मुलांचे वाद्यवृंद पथक ठेवले होते. ते पाहून इथे मुलींचे गायनपथक तयार झाले. १ एप्रिल १९१४ रोजी त्यांचा पहिला प्रयोग झाला. सर्व भूमिका स्त्रियांनीच करणारी जगप्रसिद्ध ताकाराझुका नाट्यसंस्था ती हीच. १९२४ मध्ये तिच्यासाठी सुमारे ४००० प्रेक्षकांचे भव्य नाट्यगृह उभे राहिले.

१७/
बेसबॉलची गोष्टही याच मार्गावरची. कंपनीने तोयोनाका येथे मैदान बांधले आणि १९१५ मध्ये माध्यमिक शाळांची पहिली राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा तिथे भरली. स्पर्धा इतकी गाजली की मैदान आणि गाड्या दोन्ही अपुऱ्या पडल्या. दोनच वर्षांनी ती प्रतिस्पर्धी हानशिन कंपनीच्या मार्गावरील नारुओ येथे गेली, आणि १९२४ पासून त्याच मार्गावरील कोशिएन मैदानावर भरू लागली. आज कोशिएन हे नाव जपानी शालेय बेसबॉलचा समानार्थी शब्द झाले आहे. स्पर्धा जन्मली एका कंपनीच्या रुळांवर आणि मोठी झाली दुसरीच्या.

१८/
१९१८ मध्ये कंपनीने नाव बदलले. नव्या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप म्हणजे ‘हांक्यू’. १९२० मध्ये कोबेचा मार्ग सुरू झाला. हानशिनची गाडी समुद्राजवळच्या दाट वस्त्यांतून वारंवार थांबत जाई. हांक्यूने डोंगराच्या पायथ्याने जवळजवळ सरळ मार्ग काढला, वेगवान पण वस्ती विरळ. मग जाहिरातीत गाडीच्या स्वच्छतेबरोबर आणि वेगाबरोबर तिचे रिकामपणही गुण म्हणून मिरवले गेले. बसायला जागा नक्की मिळेल, हे कंपनी स्वतःच अभिमानाने सांगत होती.

१९/
त्याच वर्षी उमेदा स्थानकाला लागून पाच मजली इमारत उभी राहिली. तळमजला तोक्योच्या शिरोकिया या जुन्या दुकानाला भाड्याने दिला. हा प्रयोगच होता. स्थानकावर येणारे लोक खरेदी करतात का, काय घेतात, किती घेतात, हे दुसऱ्याच्या जोखमीवर पाहायचे. भोजनालय मात्र कंपनीने स्वतः चालवले. १९२५ मध्ये शिरोकियाचा करार संपला, तेव्हा त्याला मुदतवाढ दिली नाही. कंपनीने ‘हांक्यू मार्केट’ नावाने स्वतःचे दुकान थाटले. त्याच वर्षी हद्दवाढीमुळे ओसाकाची लोकसंख्या सुमारे २१ लाख झाली आणि तिने तोक्योलाही मागे टाकले.

२०/
१५ एप्रिल १९२९ रोजी आठ मजली हांक्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडले. रेल्वे कंपनीने आपल्याच स्थानकात स्वतः चालवलेले जगातील पहिले डिपार्टमेंट स्टोअर, असे ते मानले जाते. जपानमधील जुनी मोठी दुकाने, जसे मित्सुकोशी, ताकाशिमाया किंवा दाइमारू, मूळची उंची किमोनोंची दुकाने होती. गिऱ्हाईक आणण्यासाठी त्यांना मोटारी पाठवाव्या लागत, माल घरपोच द्यावा लागे. हांक्यूकडे गिऱ्हाईक पायी चालत, तेही रोज येत होते. तो सगळा खर्च वाचला आणि रोजच्या वापराच्या वस्तू स्वस्त देता आल्या.

२१/
वरच्या मजल्यांवरील भोजनालयाची एक कथा कंपनीच्या परंपरेत आवर्जून सांगितली जाते. महामंदीचा काळ होता. करी-भात परवडत नसल्याने काही गिऱ्हाईके नुसता भात मागवत आणि टेबलावरचे फुकटचे सॉस त्यावर ओतून खात. कर्मचाऱ्यांनी हे बंद करायचे ठरवले. कोबायाशींनी उलट आदेश दिला : नुसता भात घेणाऱ्यांचेही स्वागत आहे, अशी पाटी लावा आणि सोबत लोणचे द्या. आज हे गरीब आहेत, उद्या संसार थाटतील आणि मुलाबाळांना घेऊन इथेच जेवायला येतील, हा त्यामागचा विचार. करुणा आणि हिशेब यांची इतकी बेमालूम सरमिसळ क्वचितच आढळते.

२२/
या इमारतीशी भारताचा एक धागाही जुळतो. वास्तुविशारद इतो चूता यांनी तिच्या उंच छताच्या प्रवेशकक्षासाठी शुभसूचक प्राण्यांची मोझेक भित्तिचित्रे रचली. हे इतो १९०२ ते १९०५ या काळात चीन, भारत आणि तुर्कस्तान असा आशियाचा दीर्घ प्रवास करून आले होते. जपानी वास्तुकलेची मुळे आशियात शोधण्याचा त्यांचा ध्यास होता. तोक्योतील त्सुकिजी होंगान्जी या बौद्ध मंदिराला त्यांनी दिलेले रूप प्राचीन भारतीय बौद्ध वास्तूंची आठवण करून देते. हांक्यूचा तो कक्ष २००५ नंतर पाडला गेला. भित्तिचित्रे मात्र जतन करण्यात आली.

२३/
१९२६ मध्ये हांक्यूचे रूळ उन्नत झाले. सरकारी रूळ जमिनीवर होते, त्यांच्या वरून हांक्यू जाई. पुढे सरकारने आपलेही रूळ उंच करायचे ठरवले. दोघांना एकाच उंचीवर राहणे अशक्य होते. अर्थात खासगी कंपनीला खाली यावे लागले. ३१ मे १९३४ च्या शेवटच्या गाडीनंतर अवघ्या एका रात्रीत हांक्यू वरून खाली आणि सरकारी रेल्वे खालून वर, अशी अदलाबदल झाली. राज्यसंस्था आणि खासगी भांडवल यांतील उच्चनीचता इतक्या शब्दशः क्वचितच दिसते.

२४/
तोवर हे प्रारूप तोक्योत पोहोचले होते. उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या उद्यान-नगरी कंपनीने कोबायाशींचा सल्ला घेतला. त्यांच्याच शिफारशीने गोतो केइता हा माजी रेल्वे अधिकारी तिथे आला. १९२३ मध्ये देनएनचोफू ही वसाहत विक्रीला निघाली, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या महाभूकंपानंतर हजारो लोक शहर सोडून उपनगरांकडे वळले. १९३४ मध्ये शिबुया स्थानकावर गोतोंचे डिपार्टमेंट स्टोअर उभे राहिले. उमेदाची ती थेट मानसकन्या.

२५/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबायला हवे. कथा रंजक आहे आणि एकाच द्रष्ट्या नायकाभोवती ती सहज फिरते. पण आपल्याकडील बराचसा तपशील येतो तो कोबायाशींच्या आत्मचरित्रातून. ते १९५३ मध्ये, त्यांच्या ऐंशीच्या घरात प्रसिद्ध झाले. यशस्वी माणूस मागे वळून पाहतो तेव्हा योगायोगांना योजनेचे रूप येते. उपनगरात राहण्याचा पुरस्कार करणारी पुस्तिका हानशिननेही १९०८ मध्येच काढली होती आणि १९०९ मध्ये निशिनोमिया स्थानकाजवळ भाड्याची घरे बांधली होती. कल्पना हवेतच होती.

२६/
मग कोबायाशींचे वेगळेपण कशात? घर, हप्ता, वीज, नाटक आणि दुकान ही सारी अंगे त्यांनी एकाच हिशेबवहीत आणली. एका खात्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्याने भरून निघे. राष्ट्रीयीकरणाचा कायदा, ट्रामच्या कायद्यातील फट, मंदी, धूर आणि पगारदार वर्ग हे घटक नसते, तर ही वही उघडलीच गेली नसती. पुढे शिक्षणसंस्थाही या मार्गावर आल्या. १९२९ मध्ये क्वानसेइ गाकुइन हे विद्यापीठ कोबेहून निशिनोमियाच्या उएगाहाराला हलले. विद्यार्थी म्हणजे नोकरदारांच्या उलट दिशेने जाणारा प्रवासी, आणि तोही रोजचा.

२७/
या चित्रात कोण नाही, हेही पाहायला हवे. दहा वर्षांचा हप्ता भरण्यासाठी दहा वर्षांची खात्रीची नोकरी लागते. सूतगिरणीतील मुलीकडे आणि गोदीतील हमालाकडे ती नव्हती. ते धुरातच राहिले. उपनगरातील घराने पुरुषाला कचेरीत आणि स्त्रीला घरात, अशी विभागणी पक्की केली. त्याच वेळी रंगमंचाने आणि दुकानातल्या नोकऱ्यांनी काही तरुणींना घराबाहेरचे जगही दाखवले. आणि रूळ पडण्याआधी स्वस्तात जमीन विकलेल्या शेतकऱ्याला पुढच्या वाढीतले काहीच मिळाले नाही. शहराच्या वाढीचा फायदा कोणाचा, हा प्रश्न कोबायाशींनी सोडवला तो कंपनीच्या बाजूने.

२८/
कोबायाशी १९४० मध्ये कोनोए मंत्रिमंडळात वाणिज्य व उद्योगमंत्री झाले. अर्थव्यवस्था सरकारी नियंत्रणाखाली आणू पाहणारे उपमंत्री किशी नोबुसुके यांच्याशी त्यांचा तीव्र संघर्ष झाला आणि १९४१ मध्ये ते पदावरून गेले. युद्धानंतर काही वर्षे त्यांच्यावर सार्वजनिक पदांची बंदी होती. २५ जानेवारी १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनीच उभी केलेली ‘तोहो’ ही चित्रपटसंस्था तुम्हाला नक्की ठाऊक असेल. १९५४ चा ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला, तिचाच.

२९/
युद्धोत्तर भरभराटीत प्रवासी इतके वाढले की उमेदा अपुरे पडले. सरकारी उन्नत मार्गाच्या खांबांनी स्थानकाची वाढ अडवली होती. १९३४ च्या त्या रात्रीची ही किंमत. १९६६ मध्ये काम सुरू करून स्थानक सरकारी रुळांच्या उत्तरेला हलवले गेले. ते १९७३ मध्ये पूर्ण झाले. जुन्या जागेपासून अंतर वाढल्याने १९६७ मध्ये प्रवाशांसाठी सरकता पादपथ बसवला. जपानमधील तो पहिला मानला जातो. त्याच वर्षी हांक्यूच्या किता-सेन्री स्थानकात स्वयंचलित तिकीट-तपासणीची दारे सुरू झाली.

३०/
आजही गडद तांबूस रंगाच्या तीन गाड्या तीन शेजारच्या फलाटांवरून एकाच मिनिटाला सुटतात आणि जूसो स्थानकापर्यंत बरोबरीने धावतात. पण मूळ प्रारूपाचे काही खांब निखळले आहेत. हांक्यूने आपला बेसबॉल संघ १९८८ मध्ये विकला. ताकाराझुकाचे मनोरंजन उद्यान २००३ मध्ये बंद झाले. २००६ मध्ये शंभर वर्षांचे प्रतिस्पर्धी हांक्यू आणि हानशिन एकाच समूहात आले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी परदेशी पर्यटकांना कळावे म्हणून स्थानकाच्या नावापुढे ‘ओसाका’ जोडले गेले.

३१/
दरवर्षी नवी घरे, नवी मुले आणि नवे पगार येत राहतील, या गृहीतकावर ही हिशेबवही उभी होती. जपानची लोकसंख्या आता घटते आहे. १९१० मध्ये प्रवासी नव्हते म्हणून ते घडवावे लागले. यापुढे असलेले टिकवावे लागतील, आणि कारणे मात्र त्यावेळेपेक्षा फार वेगळी आहेत. म्हणूनच उमेदाची गोष्ट यशोगाथा म्हणून वाचून सोडून देऊ नये. मेट्रो कुठे येणार हे आधी कोणाला कळते, जमीन आधी कोण घेते आणि वाढलेली किंमत कोणाच्या खिशात जाते, हे प्रश्न ज्या ज्या शहरात रूळ पडत आहेत तिथे विचारावेत.

३२/
धागा इथे संपतो. खासगी रेल्वेने घडवलेले आणखी एखादे शहर किंवा स्थानक तुमच्या वाचनात आले असेल तर खाली जरूर लिहा, आणि शहरांच्या इतिहासात रस असलेल्या मित्रमैत्रिणींपर्यंत हा धागा पोहोचवा.